मणक्याला विजेचा पट्टा : कोणाला, कशासाठी, किती दिवस?

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या आयुष्यात दोन दिवस महत्त्वाचे असतात. पहिला दिवस टाके काढण्याचा. तो दोनेक आठवड्यांत येतो आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा दिवस मात्र कॅलेंडरवर खूण करून ठेवता येत नाही. दोन मणक्यांच्या मधे नवे हाड तयार होऊन ते दोन्ही खऱ्या अर्थाने एक होतात, तो हा दिवस. त्याला सहा महिने लागतात, वर्ष लागते, क्वचित दीड वर्षही लागते. जखम वरून कधीच भरलेली असते, रुग्ण चालू-फिरू लागलेला असतो, कामावर परतण्याची घाई झालेली असते. आणि डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणतात, ‘अजून हाड पूर्ण जुळलेले नाही.’

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात काम करणाऱ्यांच्या घरांत या टप्प्यावर हमखास एक फोन येतो. अमेरिकेत असलेला भाऊ, मेहुणा किंवा जुना सहकारी सांगतो, ‘इकडे मणक्याच्या ऑपरेशननंतर एक पट्टा देतात. बोन ग्रोथ स्टिम्युलेटर. रोज काही तास लावायचा, हाड लवकर जुळते. तुमच्या डॉक्टरांनी का नाही सांगितला?’ मग शोधाशोध सुरू होते. एक विक्रेता एक सांगतो, दुसरा दुसरे. किंमत ऐकून घरात चर्चा होते. पट्टा न घेतल्यामुळे मणका जुळला नाही तर काय, ही भीती पैशांच्या हिशेबावर मात करू लागते. म्हणूनच हे यंत्र काय करते, काय करत नाही आणि ते नेमके कोणाच्या कामाचे आहे, हे शांतपणे समजून घेणे गरजेचे आहे.

स्क्रू हाड जोडत नाहीत

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्पायनल फ्यूजन, प्रत्येक कंबरदुखीसाठी नसते. नुसती चकती सरकून पायात कळ येत असेल, तर बहुतेकांना शस्त्रक्रियाच लागत नाही, आणि लागली तरी अनेकदा दबलेली नस मोकळी करून भागते. एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरला असेल, अपघातात मणका मोडला असेल, क्षयरोगाने मणका पोखरला असेल, पाठीच्या कण्याला मोठा बाक आला असेल किंवा नस मोकळी करताना कण्याचा आधारच कमी होणार असेल, तर मणके एकमेकांना जोडावे लागतात.

या शस्त्रक्रियेचा जन्मही क्षयरोगातूनच झाला. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेड अल्बी आणि रसेल हिब्स या दोन सर्जननी स्वतंत्रपणे ती केली. अल्बी यांनी पायाच्या नडगीच्या हाडाची पट्टी काढून मणक्यांमध्ये बसवली. हिब्स यांनी मणक्यांच्याच मागच्या भागातले हाड सोलून एकमेकांवर टेकवले. तेव्हा आजचे स्क्रू आणि सळ्या नव्हत्या. रुग्णाला कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये अंथरुणावर पडून राहावे लागे.

आज टायटॅनियमचे स्क्रू आणि सळ्या असल्यामुळे रुग्ण एक-दोन दिवसांत उठून बसतो. त्यामुळे मोठा गैरसमज होतो. लोकांना वाटते, स्क्रूने मणके जोडले, काम झाले. प्रत्यक्षात स्क्रू आणि सळ्या म्हणजे स्लॅबखालचे सेंटरिंग. हिंजवडी, मारुंजी, माणच्या रस्त्यांवर जागोजागी इमारती उभ्या राहताना दिसतात. तिथे काँक्रीट ओतले की लगेच खालचे टेकू काढत नाहीत. टेकू स्लॅबचे वजन पेलतात, ते काँक्रीट घट्ट होईपर्यंतच. शरीरात काँक्रीटच्या जागी असते हाडाचे कलम. ते बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या किंवा मणक्याच्या हाडातून घेतलेले असते. त्या कलमाभोवती आधी रक्त साखळते, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मऊ हाड तयार होते, त्यात कॅल्शियम बसते आणि शेवटी पक्के हाड होते.

हे हाड तयार झालेच नाही, तर शरीराचा भार वर्षानुवर्षे स्क्रूंवरच पडत राहतो. धातूची तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती जशी एक दिवस तुटते, तसे स्क्रू ढिले होतात, कधी सळी तुटते, दुखणे परत येते. न जुळलेल्या या जागेला वैद्यकात ‘स्यूडार्थ्रोसिस’, म्हणजे खोटा सांधा म्हणतात. काहींना त्याचा त्रास होत नाही. काहींना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. पट्ट्याचा प्रश्न उभा राहतो, तो ही वेळ टाळण्यासाठी.

हाडात वीज कुठून आली?

स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात बॅटरी नसते. खटका दाबला की आतल्या स्फटिकावर जोराचा आघात होतो आणि ठिणगी पडते. दाब पडला की वीज तयार होण्याचा काही स्फटिकांचा हा गुण पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिला.

हाडातही हा गुण आहे, हे १९५७ साली जपानमध्ये सिद्ध झाले. क्योतोचे अस्थिरोगतज्ज्ञ इवाओ यासुदा आणि भौतिकशास्त्रज्ञ एइची फुकादा यांनी कोरड्या हाडावर दाब दिला आणि त्यातून निर्माण झालेला सूक्ष्म विद्युतभार मोजला. त्याचे कारण हाडातले कोलॅजन हे प्रथिन. या कोलॅजनची तीन धाग्यांची पिळदार रचना त्याआधी तीन वर्षे, १९५४ साली, मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडली होती. जिवंत, ओलसर हाडात आणखी एक गोष्ट घडते. हाडावर भार आला की त्याच्या बारीक नलिकांतला द्रव सरकतो, त्यातले भारित कण वाहतात आणि त्यातूनही विद्युतदाब तयार होतो.

जिथे भार पडतो तिथे हाड जाड होते आणि जिथे पडत नाही तिथे विरते, हे जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडले होते. म्हणून तर महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडे ठिसूळ होतात. भार आल्याची खबर हाडातल्या पेशींना कशी कळते, या कोड्याच्या उत्तराचा एक भाग या सूक्ष्म विजेत सापडला. मग उलटा विचार सुरू झाला : बाहेरून तशीच वीज दिली, तर पेशी हाड बांधायला लागतील का?

ऑस्ट्रेलियात ॲलन ड्वायर यांनी १९७४ साली मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत विजेचा वापर प्रसिद्ध केला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाचे अँड्र्यू बॅसेट यांनी विद्युतचुंबकीय स्पंदनांवर काम केले. १९७९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अशा यंत्राला परवानगी दिली.

यंत्रांचे तीन प्रकार

पहिला प्रकार शरीरात बसवण्याचा. शस्त्रक्रियेच्या वेळीच कातडीखाली छोटी बॅटरी ठेवतात आणि तिच्या तारा हाडाच्या कलमात सोडतात. त्यातून काही मायक्रोअँपिअर इतका अगदी क्षीण, सलग प्रवाह साधारण सहा महिने वाहतो. रुग्णाला रोज काही करावे लागत नाही, हा फायदा. शरीरात आणखी एक वस्तू राहते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि बॅटरी काढायला पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागू शकते, हा तोटा.

दुसऱ्या प्रकारात पाठीच्या कातडीवर दोन चकत्या चिकटवतात आणि त्या कमरेला अडकवलेल्या छोट्या बॅटरीला जोडतात. त्या दिवसाचा बराचसा वेळ, शक्य तर चोवीस तास, लावून ठेवायच्या असतात. पुण्याच्या उन्हाळ्यात घामाने चकत्या निघणे आणि कातडीवर पुरळ येणे, या याच्या अडचणी.

तिसरा आणि सर्वांत जास्त चर्चेत असलेला प्रकार विद्युतचुंबकीय स्पंदनांचा. पट्ट्यात किंवा मानेच्या कॉलरमध्ये तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता प्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते कातडी, स्नायू पार करून हाडाशी क्षीण वीज निर्माण करते. घरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. इथली शक्ती मात्र इतकी कमी असते की ऊबही जाणवत नाही. हा पट्टा पातळ कपड्यांवरून लावता येतो. यंत्राच्या बनावटीनुसार तो रोज अर्ध्या तासापासून चार तासांपर्यंत वापरायचा असतो, आणि तोही तीन ते नऊ महिने.

या विजेमुळे पेशींमध्ये कॅल्शियमची ये-जा बदलते आणि हाड घडवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती वाढते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

हे म्हणजे ‘शेक’ नव्हे, आणि लोहचुंबकही नव्हे

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कंबरेला चकत्या लावून मुंग्या आणणारे यंत्र अनेकांनी अनुभवलेले असते. त्याला बोलीभाषेत ‘करंटचा शेक’ म्हणतात. टेन्स किंवा आयएफटी ही त्याची नावे. ते यंत्र नसांवर काम करते आणि दुखणे तात्पुरते कमी करते. त्याने हाड जुळत नाही. हाडाच्या स्टिम्युलेटरचे नेमके उलटे असते : तो लावल्यावर काहीही जाणवत नाही. ना मुंग्या, ना ऊब. अनेक रुग्ण ‘काहीच होत नाही’ म्हणून पंधरा दिवसांत तो काढून ठेवतात. जाणवत नाही म्हणजे यंत्र बंद आहे असे नव्हे. चालू-बंदची खूण त्याच्या दिव्यावर किंवा पडद्यावर पाहायची.

प्रदर्शनांत आणि ऑनलाइन विकले जाणारे लोहचुंबकाचे पट्टे ही तर पूर्ण वेगळी गोष्ट आहे. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवले. कापडात शिवलेला लोहचुंबक जागचा हलत नाही, त्याचे क्षेत्र बदलत नाही, त्यामुळे त्यातून हाडाला कोणतेही स्पंदन मिळत नाही. ‘मॅग्नेटिक’ हा एक शब्द दोन्हीकडे असतो, म्हणून फसगत होते.

पुरावा काय सांगतो?

अशा यंत्रांची पारख करण्याचा सरळ मार्ग म्हणजे अर्ध्या रुग्णांना खरे यंत्र आणि अर्ध्यांना दिसायला हुबेहूब पण आत बंद असलेले यंत्र द्यायचे. कोणाकडे कोणते आहे, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरांना. खरे यंत्रही काही जाणवू देत नाही, त्यामुळे ही परीक्षा इथे चांगली जमते.

अमेरिकेत व्हर्ट मूनी यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अशा अभ्यासात कंबरेचे मणके जोडलेले १९५ रुग्ण होते. खऱ्या पट्ट्याच्या गटात ९२ टक्क्यांचे हाड जुळले, बंद पट्ट्याच्या गटात ६५ टक्क्यांचे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्क्रू न वापरता मणके जोडलेल्या २०१ रुग्णांनी रोज फक्त अर्धा तास पट्टा वापरला. नऊ महिन्यांनी जुळण्याचे प्रमाण ६४ टक्के विरुद्ध ४३ टक्के असे निघाले.

२००८ सालचा केव्हिन फोले आणि सहकाऱ्यांचा अभ्यास अधिक बोलका आहे. त्यात मानेचे मणके जोडलेले ३२३ रुग्ण होते आणि सगळेच जोखमीचे, म्हणजे धूम्रपान करणारे किंवा एकाहून अधिक जागी मणके जोडलेले होते. सहा महिन्यांनी पट्टा वापरणाऱ्यांत सुमारे ८४ टक्क्यांचे हाड जुळलेले होते, न वापरणाऱ्यांत सुमारे ६९ टक्क्यांचे. हा फरक ठळक होता. वर्षाच्या शेवटी हेच आकडे सुमारे ९३ आणि ८७ झाले, आणि हा फरक केवळ योगायोगाने आलेला असू शकतो इतका लहान होता. याचा अर्थ असा की सहा महिन्यांत न जुळलेल्यांपैकी बरेच जण पट्ट्याशिवायही उशिरा का होईना जुळले. शिवाय दुखणे आणि दैनंदिन हालचाल यांत दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही.

२०१६ साली फ्रॅक्चर, हाडांच्या इतर शस्त्रक्रिया आणि मणके जोडणे अशा सगळ्यांचे मिळून १५ तुलनात्मक अभ्यास एकत्र तपासण्यात आले. विजेच्या यंत्रांमुळे एक्स-रेवर हाड न जुळण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाला. दुखणे शंभराच्या मापावर सात-आठ गुणांनी कमी झाले. कामकाजाच्या क्षमतेत मात्र फरक सिद्ध झाला नाही.

म्हणजे हे यंत्र थोतांड नाही. एक्स-रेवर हाड जुळण्याची शक्यता ते वाढवते, विशेषतः जोखमीच्या रुग्णांत. पण एक्स-रे चांगला दिसणे आणि माणसाला बरे वाटणे या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत.

ध्वनिलहरींच्या यंत्राबाबत मात्र उत्साह ओसरला आहे. नडगीच्या फ्रॅक्चरवर शस्त्रक्रिया झालेल्या ५०१ रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा काहीही फायदा दिसला नाही. विजेच्या पट्ट्याचे आकडे दाखवून ध्वनिलहरींचे यंत्र विकले जात असेल, तर सावध व्हावे.

मग कोणी विचार करावा?

अमेरिकेतही हे यंत्र सरसकट दिले जात नाही. तिथली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना कातडीबाहेरून वापरायच्या यंत्राचा खर्च प्रामुख्याने दोन प्रसंगी देते : शस्त्रक्रियेला किमान नऊ महिने उलटूनही हाड जुळलेले नसेल तर, किंवा तीन वा अधिक मणके एकत्र जोडले असतील आणि न जुळण्याचा धोका मोठा असेल तर. भावाच्या शेजाऱ्याला पट्टा मिळाला, तो बहुधा यांपैकी एखाद्या कारणाने.

आपल्याकडेही हाच विचार लागू पडतो. आधी एकदा फ्यूजन फसलेले असणे, अनेक मणके जोडलेले असणे, तंबाखू किंवा धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, ठिसूळ हाडे, दीर्घकाळ स्टिरॉइड घ्यावी लागणे : यांपैकी काही असेल, तर शल्यचिकित्सकाशी पट्ट्याबद्दल जरूर बोलावे. एकाच जागी मणके जोडलेल्या, निर्व्यसनी, तंदुरुस्त तरुणाला त्यातून मिळणारा जादा फायदा फारच थोडा असतो. बहुतेकांचे मणके अशा यंत्राशिवायच जुळतात. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पट्टा मिळाला नाही, म्हणजे उपचार अपुरे झाले, असे समजून कोणी कर्ज काढू नये.

पेसमेकर किंवा हृदयातले तत्सम यंत्र असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय पट्टा लावू नये. गर्भवती स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुले यांच्यासाठी त्याची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. त्या जागी कर्करोगाची गाठ किंवा जंतुसंसर्ग असेल तर तो वापरू नये. एमआरआयच्या खोलीत जाताना पट्टा बाहेर काढून ठेवावा. आतले टायटॅनियमचे स्क्रू मात्र या पट्ट्याला अडचणीचे नसतात.

फुकटचा उपाय

पट्ट्यावर खर्च करण्याआधी एक आकडा प्रत्येक घराने वाचायला हवा. २००० साली स्टीव्हन ग्लासमन आणि सहकाऱ्यांनी कंबरेचे मणके जोडलेल्या ३५७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्यांत १४ टक्क्यांचे हाड जुळले नाही. शस्त्रक्रियेनंतरही सिगारेट ओढत राहिलेल्यांत हे प्रमाण साडेसव्वीस टक्के होते. आणि शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ सिगारेट सोडलेल्यांत ते १७ टक्क्यांवर आले, म्हणजे जवळजवळ न ओढणाऱ्यांइतकेच. पट्टा जेवढे देऊ शकतो, त्याच्या तोडीचा हा फायदा आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

हिंजवडीतल्या कंपन्यांच्या दारांशी असलेल्या टपऱ्यांवर चहा आणि सिगारेटची जोडी ठरलेली असते. तिकडे चाकण, भोसरीच्या कारखान्यांत पाळीवर काम करणाऱ्यांच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असते. गावाकडच्या आजी-मावश्या मिश्री लावतात आणि ‘ते काही व्यसन नव्हे’ असे ठामपणे सांगतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी तो तोंडातून गेलेला नाही. निकोटिन धुरातून जावो की हिरड्यांतून, बारीक रक्तवाहिन्या आकसतातच, आणि कलमाला सर्वांत जास्त गरज असते ती नव्या रक्तवाहिन्यांची. रोज चार तास पट्टा आणि दिवसाला दहा सिगारेटी, हा हिशेब जुळत नाही. रुग्णाने तंबाखूचे खरे प्रमाण डॉक्टरांना सांगावे. घरच्यांसमोर संकोच वाटत असेल तर एकटे भेटून सांगावे.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी शस्त्रक्रियेआधीच आटोक्यात आणावी. सकाळी अंधारात कंपनीच्या बसमध्ये बसून दिवसभर वातानुकूलित खोलीत राहणाऱ्यांच्या अंगाला ऊन लागत नाही, त्यामुळे ड जीवनसत्त्व कमी असणे नवलाचे नाही. ते तपासून घ्यावे. मात्र ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी महिनोन्महिने मनानेच घेत राहू नये, त्याने अपाय होतो. जेवणात डाळ, उसळ, दूध, दही, अंडी किंवा मासे यांतून पुरेसे प्रथिन हवे. शस्त्रक्रियेनंतर पेज आणि मऊ भातावर महिना काढण्याची गरज नसते. आणि पाठ दुखली की मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून घेणे थांबवावे. त्यांपैकी काही गोळ्या जास्त मात्रेत हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात. कोणती घ्यायची, किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

पट्टा घेतलाच, तर

पट्टा घेणाऱ्यांपैकी अनेकांचा पैसा वाया जातो तो एकाच कारणाने : तो कपाटात राहतो. म्हणून वेळ ठरवून टाकावी. घरून काम असेल तर सकाळच्या पहिल्या दोन तासांत, नाही तर संध्याकाळी बातम्या पाहताना किंवा मुलांचा अभ्यास घेताना. अनेक यंत्रांत वापराची नोंद आपोआप होते. ती प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावी. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ लावण्यात अर्थ नाही. जास्त वापराने हाड जास्त वेगाने जुळते, असे नाही.

पट्टा लावला म्हणून वाकण्याची, वजन उचलण्याची किंवा वाकड ते हिंजवडी दुचाकी दामटण्याची मुभा मिळत नाही. ताज्या कलमाला वारंवार हिसके बसणे चांगले नाही. गाडी केव्हा चालवायची, बसून सलग किती वेळ काम करायचे, म्हातोबाच्या यात्रेत गर्दीत जायचे की नाही, हे प्रश्न पट्टा सोडवत नाही. ते शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट यांना विचारायचे. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे. चालताना हाडावर पडणारा मोजका भार म्हणजे शरीराने स्वतःच तयार केलेले स्पंदन आहे.

विकत किंवा भाड्याने घेण्याआधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. हे यंत्र नेमके कोणत्या तत्त्वावर चालते? ते मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यताप्राप्त आहे की फक्त हातापायाच्या फ्रॅक्चरसाठी? केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेचा, म्हणजे सीडीएससीओचा, आयात किंवा उत्पादन परवाना क्रमांक काय? वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ सालचे आहेत आणि अधिक जोखमीच्या उपकरणांनाही आता परवाना सक्तीचा आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. बिघडले तर दुरुस्ती कुठे? कंपनीच्या सामूहिक विम्यात घरी वापरायच्या उपकरणांचा खर्च बऱ्याचदा वगळलेला असतो. एचआर विभागाचे तोंडी ‘मिळून जाईल’ पुरेसे नाही, विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. आणि शिफारस करणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारावे : ‘माझ्या बाबतीत हाड न जुळण्याचा धोका कशामुळे जास्त आहे?’ या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळाले, तर शिफारस विचारपूर्वक केलेली आहे असे समजावे.

काही लक्षणे दिसल्यास पट्ट्याच्या भरवशावर एक दिवसही थांबू नये : ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, पायात नव्याने आलेला अशक्तपणा, लघवी अडकणे किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे. आधी कमी झालेले दुखणे पुन्हा जोराने सुरू झाले, तरी एक्स-रे करून घ्यावा. ढिला झालेला स्क्रू किंवा आतला संसर्ग कोणताही पट्टा बरा करत नाही.

सहा महिन्यांच्या एक्स-रेवर ‘अजून जुळलेले नाही’ असे लिहून आले, तर घाबरून जाऊ नये. फोले यांच्या अभ्यासाने दाखवले तसे, पुढच्या सहा महिन्यांत यांतले अनेक मणके जुळतात. या काळात तंबाखू बंद, साखर आटोक्यात, जेवण नीट, चालणे नियमित आणि तपासणीच्या तारखा पाळलेल्या असाव्यात. एवढे सगळे करूनही धोका शिल्लक राहत असेल, तर पट्टा जोडीला घ्यावा. ज्याच्या बाबतीत त्याची गरज आहे त्याने तो जरूर वापरावा, रोज वापरावा. ज्याला गरज नाही त्याने ते पैसे फिजिओथेरपी, चांगले जेवण आणि कामावर सावकाश परतण्यासाठी लागणाऱ्या बिनपगारी रजेसाठी राखून ठेवावेत.